मला एकही गोळी नाही

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे — एका बाईला सांगितलं आहे, आणि ते ऐकून तिने माझ्या अंगावर चिखल फेकला. ती सोडली तर कोणालाही नाही.

तुम्हालाच का सांगतोय? नीट ठाऊक नाही. महाडच्या कोर्टात मी कारकून म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून बाहेर पडलो. मधली सगळी वर्षं माणसं पिंजऱ्यात उभी राहून शपथेवर काय काय सांगतात ते ऐकण्यात गेली. त्यातून एवढंच शिकलो, की खोटं बोलणारा गरजेपेक्षा जास्त तपशील देतो. किती वाजले होते, सदरा कोणत्या रंगाचा होता, कुत्रं कोणाचं भुंकलं. खरं बोलणारा बहुधा चाचरतो. तेव्हा मी पुढे चाचरलो तर ते चांगलं लक्षण समजा. सलग बोलायला लागलो, तर सावध राहा.

निवृत्तीनंतर मी सकाळी चवदार तळ्याभोवती फिरायला लागलो. आमचा सहा-सात जणांचा घोळका. त्यात जाधव गुरुजी वडीलधारे. शाळा सुटून बारा वर्षं झाली तरी सगळ्यांची हजेरी घेतात, फक्त आता प्रकृतीची. साठी ओलांडलेले पुरुष एकत्र आले की कशावर बोलतात? राजकारणावर, असा सार्वत्रिक समज आहे. तो चूक आहे. ते गोळ्यांवर बोलतात. कोणाची बीपीची अर्धी, कोणाच्या साखरेच्या दोन, कोणाची रक्त पातळ करायची, ती रात्री. आणि ह्या सगळ्यांत ज्याला एकही गोळी नाही, तो राजा. तो उगाच अर्धं पाऊल पुढे चालतो.

मी तो राजा होतो. "मला एकही गोळी नाही," हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. आवाज साधा ठेवून. बढाई मारताना आवाज साधा ठेवणं ही एक कला आहे, आणि ती मला साधली होती.

दुसऱ्यांचा डामडौल मला आयुष्यभर लांबून दिसत आला. आमच्या गावात वर्षाला इतक्या शाली वाटल्या जातात की थंडीनेच बहुधा लाजून यायचं सोडलं. सत्कार, सत्काराला उत्तर, उत्तराचे आभार — मी मागच्या खुर्चीवर बसून टवाळी करायचो. आणि स्वतःचा डामडौल? तो नाकासारखा असतो. डोळ्यांना सगळ्यात जवळ, म्हणून दिसत नाही.

मग एका वर्षी मी वैशाखात स्वेटर घातला.

महाडचा वैशाख ज्यांनी पाहिला नाही त्यांना ह्याचा अर्थ कळणार नाही. सावित्रीच्या काठचे दगडसुद्धा तेव्हा पाय उचलून उभे राहतील असं वाटतं. आणि मी पंख्याखाली कुडकुडत होतो. पेपर वाचता वाचता झोप लागायची. तोंड सुजल्यासारखं, आवाज घोगरा, पाय ओढत चालायचो. तळ्याची एक फेरी झाली की बाकावर. राजा बाकावर! डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट बघून म्हणाले, थायरॉईड मंदावलंय. रोज सकाळी एक छोटी गोळी. म्हटलं, किती दिवस? ते म्हणाले, बहुतेक कायमची.

कायमची. जन्मठेपेची शिक्षा मी पुष्कळदा टाईप केली होती. ऐकताना ती वेगळी लागते.

आमच्या गावात रक्ताचा रिपोर्ट पेशंटच्या आधी घरी पोहोचतो. दुसऱ्या दिवशी तळ्यावर जाधव गुरुजींनी विचारलंच, "काय शिरस्तेदार, थायरॉईड म्हणे? आमच्या सौ.ला आहे. गोळी सुरू केलीत का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "थायरॉईड आहे. गोळी नाही. आहारावर आणतो."

ठरवून बोललो नव्हतो. पण बोललो. गुरुजींच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला — तो मी आधी कधी कोणाकडून मिळवला होता? मला आठवत नाही.

गोळी अर्थात मी सुरू केली होती. मी मूर्ख नव्हतो, फक्त खोटा होतो. अडचण एवढीच, की महाडच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात गेलो असतो तर ते तळ्यावर कळलं असतं. मग मी पोलादपूर गाठलं. एस.टी.ने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, तिथे मला ओळखणारं दुकान नव्हतं. महिन्याची गोळी घ्यायची, पिशवीत तळाशी ठेवायची, वर पेपर ठेवायचा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला. घरात पिशवी उलटी करणारं कोणी नव्हतं.

पोलादपुरात मला दुसरं कोणीच ओळखत नव्हतं असं नाही. पुढे कशेडीच्या बाजूला, घाट चढायच्या आधी आत वळलं की एका वाडीत माझी धाकटी बहीण राहते. सुली. सुलोचना हे तिचं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत आहे. नवरा लवकर गेला, मुलगा मुंबईला कामाला. घरी ती आणि सून दर्शना. डोंगरउताराची थोडी शेती, दोन म्हशी. आणि सुलीचा आवाज. ह्या डोंगरावरून तिने हाक मारली की त्या डोंगरावरची म्हैस मान वर करते, असं वाडीत म्हणत.

तर मी दर महिन्याला गोळी घ्यायला जायचो, आणि पोलादपुरात कोणी पाहिलं तर कारण हवं म्हणून सुलीकडे जेवून यायचो. तळ्यावर बातमी गेली — शिरस्तेदार दर महिन्याला बहिणीला भेटायला जातात. ह्या काळात असा भाऊ! मी काय करत होतो? मान खाली घालून हसत होतो. साध्या आवाजासारखीच ती दुसरी कला.

सहा महिन्यांत माझी सूज उतरली, फेऱ्या चार झाल्या, रिपोर्ट बरा आला. रिपोर्ट खिशात घालून तळ्यावर नेला. लोकांनी विचारलं, नक्की काय केलंत? मी म्हणालो, नाचणी, चालणं आणि जाहिरातींवर अविश्वास. टाळी पडली. पुढच्या महिन्यात ज्येष्ठांच्या एका मेळाव्यात मला भाषणाला बोलावलं. विषय — थायरॉईड आणि निसर्ग. मी नाचणीवर बोललो, शेवग्याच्या पाल्यावर बोललो, लवकर निजण्यावर बोललो, आपल्या आज्यांना कुठे होतं थायरॉईड, असंही बोललो. आज्यांची कोणी रक्तं तपासली नव्हती, हे बोललो नाही. शेवटी मला शाल दिली. मी ती घेतली. अंगाभोवती नीट लपेटूनही घेतली. कोणीतरी मोबाईलवर हे सगळं टिपलं.

आता बघा — मी सलग बोलायला लागलोय. थांबतो.

सुलीलाही थायरॉईड होतं. हे आधी सांगायला हवं होतं. माझ्या आधी वर्षभर तिला निघालं होतं. आईकडून आलं असावं. आईच्या गळ्याला शेवटी गाठ होती आणि ती चारचौघांत पदर लपेटून बसायची. पोलादपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सुलीला गोळी लावली होती. ती रोज नेमाने घ्यायची, तिला बरं होतं. कुरबूर नाही, भाषण नाही. गोळी घेऊन म्हशीकडे जायची. हे खरं तर किती सोपं होतं, नाही का?

दर्शनाने तिला मोबाईलवर माझं भाषण दाखवलं. आणि मग पुढच्या वर्षीची भाऊबीज आली.

भाऊबीजेला भाऊ जे ताटात घालतो ते बहीण मागे सारत नाही. आमच्याकडे तर मुळीच नाही. साडी पसंत नसली तरी डोळ्यांना लावून घ्यायची. त्या वर्षी मी साडी नेली नाही. नाचणीची मोठी पिशवी नेली, वाळवून कुटलेला शेवग्याचा पाला नेला, जाडं मीठ नेलं, आणि एक कागद. कागद मी फुलस्केपवर स्वतःच्या अक्षरात लिहिला होता, समास सोडून. वर मधोमध 'आदेश'. खाली कलमं. मला तेव्हा ते विनोदी वाटलं होतं. थोडं विनोदी, आणि — कशाला लपवू — थोडं भव्य.

पहिलं कलम नाचणीच्या भाकरीचं. दुसरं, पिशवीतलं बारीक मीठ बंद करून मिठागरातलं जाडं मीठ वापरणे, कारण पहिलं कारखान्यात होतं आणि दुसरं निसर्गात. तिसरं, सूर्योदयापूर्वी चाळीस मिनिटं चालणे. ते वाचून दाखवलं तेव्हा सुली म्हणाली, "दादा, विहिरीवर तीन खेपा घालते त्या चालण्यात नाय येत काय रे?" सगळे हसले. मीही हसलो. चौथं, पाचवं, सहावं असंच. सातवं होतं — गोळ्यांची सवय लावून घेऊ नये.

दर्शनाने विचारलं. तिला मी श्रेय देतो. त्या घरात प्रश्न विचारणारी ती एकटीच होती. "मामा, तुमी खरंच एक पण गोळी घेत नाय?"

मी म्हणालो, "छे गो."

पिशवी माझ्या पायाशी होती. तळाशी महिन्याची पाकिटं, वर पेपर. सुलीने कागद डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी तो चुलीजवळच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी चिकटला, आणि तिच्या गोळ्या पिठाच्या डब्यामागे गेल्या. हे मला नंतर दर्शनाने सांगितलं. पण अंदाज मला तेव्हा नव्हता का?

होता. सरळ सांगतो, होता.

मधले दोन-तीन महिने मी जात होतो, जेवत होतो. ती जरा मंद वाटायची. म्हटलं थंडी आहे. ती दोन गोधड्या घेऊन ओट्यावर बसलेली असायची. म्हटलं वय झालं. वय तिचं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी कमी. माणूस स्वतःला किती सहज पटवतो — पिंजऱ्यातल्या साक्षीदारांवर मी उगाच हसलो.

शिमग्याला पालखी तिच्या अंगणात आली. दरवर्षी पालखी दारात आली की सुली सगळ्यांत पुढे. देवीच्या नावाने तिची हाक ऐकायला पोरं मागे उभी राहायची. त्या दिवशी ती उठली नाही. खांबाला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. दर्शनाने ओटी भरली. कोणीतरी म्हणालं, दमली. कोणीतरी म्हणालं, बाहेरचं काही असेल, बघून घ्या. सुलीला बाहेरचं! जे झालं होतं ते सगळं आतलं होतं. आणि बाहेरून आलेला एकच माणूस होता, तो महिन्यातून एकदा जेवायला यायचा.

दर्शनाने हे सगळं फोनवर सांगितलं आणि मी निघालो. इथे एक गोष्ट सांगायची आहे, ती मला हातातून सोडवत नाहीये. त्या सकाळी, बहिणीच्या घरी धावत जाताना — पोलादपूरला उतरल्यावर मी आधी औषधाच्या दुकानात गेलो. माझ्या गोळ्या संपत आल्या होत्या.

सुलीचा चेहरा पाहिला आणि मला कळलं. तो माझाच चेहरा होता, वैशाखातला. सुजलेल्या पापण्या, जड जीभ. "दादा आला," एवढं म्हणायला तिला किती वेळ लागला! आवाज मोठ्या रांजणातून यावा तसा. रिक्षा करून आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

आता मला सांगायचंय ते हे आहे. आतापर्यंत सांगितलं तो लबाडपणा होता. लबाडपणा मी चारचौघांसारखाच केला. त्याला कबुलीजबाब कशाला हवा?

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, जुने कागद चाळले. मग मान वर न करता विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?"

दर्शना म्हणाली, "दिवाळीपासून."

"कोणी सांगितलं बंद करायला?"

दर्शनाने तोंड उघडलं. सुलीने तिच्याकडे फक्त पाहिलं. दर्शनाने तोंड मिटलं. आणि सुली म्हणाली, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं, "कोणी नाय. माझी मीच."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मांडीवर पिशवी. पिशवीत अर्ध्या तासापूर्वी घेतलेली माझी पाकिटं. मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर. त्याला शपथ लागत नाही, स्टॅम्प लागत नाही.

मी तिच्यावर ओरडलो.

"अगं अक्कल आहे का तुला? डॉक्टरांनी दिलेली गोळी अशी बंद करतात? अडाण्यासारखं!" — हे मी म्हणालो. डॉक्टरीणबाईंसमोर, सुनेसमोर. डॉक्टरीणबाई मलाच म्हणाल्या, "रागावू नका हो, होतं असं." आणि मी — मी माफ केल्यासारखी मान हलवली.

सुलीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती आपल्या हातांकडे बघत होती.

हे ते. ह्याच्या पलीकडे माझ्याकडे काही नाही. मेळाव्यातली शाल, तळ्यावरची अर्धं पाऊल पुढची चाल, 'छे गो' — सगळं ह्या एका खुर्चीकडे चाललं होतं, आणि खुर्चीवर बसल्यावर मी हे केलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, आधी कमी, मग वाढवत. काही दिवस दर आठवड्याला बोलावलं. घरात काय खाता विचारलं. दर्शनाने मीठ सांगितलं तेव्हा मात्र त्या थांबल्या. "पिशवीतलं मीठ कशाला बंद केलं? आयोडीन त्यातच असतं." जाड्या मिठात ते घातलेलं नसतं, हे मला — भाषण केलेल्या माणसाला — त्या दिवशी कळलं. निसर्गाचं नाव घेऊन मी तिच्या स्वयंपाकघरातून नेमकी कामाची वस्तू काढून घेतली होती. बाकी नाचणी खा, मासे खा, शेवगा खा, चाला, वेळेवर झोपा, ह्या कशालाच त्यांची हरकत नव्हती. फक्त नाचणीची पेज गोळीच्या पाठोपाठ नको, मध्ये काही तास जाऊ द्या. आणि म्हणाल्या, "हे सगळं गोळीच्या जोडीला. गोळीच्या ऐवजी नाही." हे वाक्य माझ्या तासाभराच्या भाषणात बसलं असतं. जागा होती.

सुली सुधारत गेली. किती सावकाश! चैत्रात गोधडी एक झाली. वैशाखात ती म्हशींवर ओरडली, पण म्हशींनी मनावर घेतलं नाही. मी आता महिन्यातून तीनदा जायचो. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जायचो, आणि मासळीचं कालवण खाऊन परत यायचो. ह्याला काय म्हणतात? कोर्टात तारीख पडणं म्हणतात.

आषाढात लावणी सुरू होती. मी वाडीच्या वळणावर उतरलो आणि खालून, खाचरातून, हाक आली — "दादाऽऽ, सांभाळून ये रे, बांध घसरलाय!" पूर्ण आवाज. समोरच्या डोंगरावर जाऊन परत आलेला. माझे पाय वळणावरच थांबले. मी रडलो वगैरे नाही. पण पुढची तारीख मागता येणार नाही, एवढं कळलं.

बांधावर उभं राहून सांगितलं. बसायला जागाच नव्हती. ती वाकून लावत होती, पलीकडच्या खाचरात दर्शना आणि वाडीतल्या दोघी.

"सुले, तुला एक सांगायचंय."

"सांग की. आमचे हात चालू हायत, तू तोंड चालव."

मी सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हंजे तू घेत होतास?"

"हो."

"भाऊबीजेला पण?"

"हो."

"नि दवाखान्यात, त्या दिवशी?"

"पिशवीत होती."

तिच्या हातात रोपांची मूठ होती, मुळांना चिखल. ती माझ्या छातीवर बसली. नेम चांगला होता. पलीकडच्या बाया हसल्या. त्यांना वाटलं, बहीणभावांची थट्टा. सुली हसली नाही.

"तू खोटा बोललास त्याचा नाय रे मला एवढा," ती म्हणाली. "माणूस बोलतो. पण सुनेसमोर मला येडी केलीस."

मग ती वाकली आणि पुढची रोपं लावायला लागली. मी तसाच चिखलाचा सदरा घालून एस.टी.त बसलो. कंडक्टरने विचारलं, पडलात काय काका? मी हो म्हणालो. — बघा. अजूनही.

पंधरा दिवस तिने फोन उचलला नाही. सोळाव्या दिवशी सकाळी सहाला तिचाच आला. "घेतलीस काय?" म्हटलं, काय? "गोळी रे!" म्हटलं, घेतली. फोन बंद. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा. तेव्हापासून रोज. कधी एखादं वाक्य जास्त असतं — म्हैस व्यायली, दर्शना शिलाई शिकायला लागली, आज नाचणीची आंबील केलीय. कधी फक्त "घेतलीस?" एवढंच. मी विचारतो, तू? ती म्हणते, "मी काय तुझ्यासारखी लपवते काय?" हे ती कधीच सोडणार नाही, आणि सोडू नये.

गणपतीत गेलो तेव्हा माझा 'आदेश' भिंतीवर तसाच होता. फाडला नव्हता. दर्शनाने दुसऱ्या आणि सातव्या कलमावर बॉलपेनने काट मारली होती, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं — ८. गोळी. बाकीची कलमं चालू आहेत. सुली नाचणी खाते, बोंबील खाते, नऊला निजते, विहिरीच्या खेपा चालण्यात धरते. ह्या शिमग्याला ती पालखीपुढे उभी राहिली. मी मागे होतो. माझ्या कानात दडे बसले.

राहिला तळ्यावरचा घोळका. परवा मी जाधव गुरुजींना सहजच असल्याचं दाखवून विचारलं, तुमच्या सौ. गोळी घेतात ना अजून? बंद नाही ना केली?

"घेते हो," गुरुजी म्हणाले. "तुमचं भाषण ऐकून घरी आली नि म्हणाली, माणूस बोलतो चांगला, पण गोळी घेत असणार."

मी राजकारणाचा विषय काढला.

पण त्या सभागृहात गुरुजींच्या सौ. एकट्याच नव्हत्या. बाकीच्या खुर्च्यांवर कोण होतं? घरी जाऊन कोणी पिठाच्या डब्यामागे काय ठेवलं? सगळ्याच बायका गुरुजींच्या सौ.इतक्या हुशार नसतात, आणि सगळ्यांना दर्शना नसते. तो मोबाईलवरचा व्हिडिओ अजून फिरतोय. त्यात मी शाल पांघरलेली आहे आणि खूप सलग बोलतोय. पुढच्या मेळाव्याचं पुन्हा बोलावणं आलंय. जाणार आहे. आता लिहितोय तोच कागद वाचणार आहे, चिखलासकट. शाल देऊ नका असं आधीच कळवलं, तर ते म्हणाले, शालींवर मेळाव्याचं नाव छापून झालंय.

मला कोणी समजून घ्यावं म्हणून हे लिहिलं नाही. समजून घेण्यासारखं त्यात काही नाही. मी स्वतः शोधून पाहिलं. सुलीने माफ केलं का? विचारलेलं नाही. विचारणार नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी एकाच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे रक्त दिलं. मी त्यांना माझी हकिकत सांगितली नाही, फक्त माझं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या नावाचा तपासणीचा कागद लिहायला घेतला. सुलीचा रिपोर्ट अगदी प्रमाणात आला. माझा नाही. त्यांनी विचारलं, गोळी कशी घेता? मी म्हटलं, चहाबरोबर. तीन वर्षं मी ती चहाबरोबर घेत होतो. ती चहाच्या निदान अर्धा तास आधी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते.